श्यामराव गुरुजींच्या खोलीला लावलेल्या कुलपाबाबत

दिनांक ६ डिसेंबर २०२५, वार शनिवार. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

नाव: सौ. शकुन अरुण वाटवे
वय: ५९ वर्षे
धंदा: घरकाम. पूर्वी शाळेत शिक्षिका. दर रविवारी मंदिरात मुलांना मराठी शिकवते.
राहणार: बालीगंज, कोलकाता. मूळ गाव सातारा.

मी पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती अरुण यांच्यासह राहते. पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते. १९९४ साली त्यांची येथे बदली झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही येथेच राहिलो. मला बंगाली बोलता येते, लिहिता येत नाही. मी आधी हिंदीत सांगायला सुरुवात केली होती. परंतु हिंदीत मी ‘गुरुजींची तब्येत बिघडली’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगते आहे, असे माझ्या लक्षात आले. म्हणून मराठीत सांगण्याची परवानगी मागितली. ठाण्याने श्रीमती सुनीती हर्डीकर, बँक अधिकारी, यांना दुभाषी म्हणून बोलावले आहे. त्यांचा आमच्या मंदिराशी संबंध नाही. मी सांगेन तसे त्या लिहून घेत आहेत.

आमच्या घरापासून पायी सात-आठ मिनिटांवर एका गल्लीत दत्ताचे मंदिर आहे. ते येथील मराठी कुटुंबांनी मिळून चालवलेले आहे. जुन्या घराचा तळमजला आहे. पुढे दीडशे माणसे बसतील एवढा सभामंडप, त्यापुढे गाभारा, गाभाऱ्याच्या मागे एक खोली, आणि त्या खोलीला लागून मागचे अंगण. अंगणात नळ, स्वयंपाकघर व भांडी घासण्याची जागा आहे. गाभाऱ्याची मागची भिंत आणि त्या खोलीची भिंत एकच आहे. खोलीला एकच दार असून ते अंगणाकडच्या बोळात उघडते. खिडकी नाही, वर झरोका आहे.

त्या खोलीत मंदिराचे पुजारी श्यामराव उपासनी, वय ७६, एकटे राहत असत. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते मूळचे मिरजेकडचे. चौतीस वर्षे येथे होते. पत्नी पूर्वीच वारली, मूलबाळ नाही. प्राजक्ता नावाची एक पुतणी मिरजेला असते. येथील मराठी घरांतली लग्ने, मुंजी, वास्तुशांती, श्राद्धे गुरुजीच करत. माझ्या सासूबाईंचे दहावे-बारावे त्यांनीच केले. आठवड्यातून एकदा ते माझ्याकडे येऊन पेपरातली मराठी शब्दकोडी घेऊन जात. माझी मुलगी पाठवते ती. मी मुलांना शिकवते म्हणून ते मला ‘बाई’ म्हणत.

मंदिराच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष माझे पती अरुण आहेत. सचिव केदार रेगे, वय ४३. ते एका खाजगी कंपनीत वरच्या पदावर आहेत. त्यांची आई उषा रेगे माझ्याबरोबर स्वयंपाकघर बघतात.

गुरुवार, दिनांक ४ रोजी दत्तजयंती होती. यंदा ती गुरुवारीच आल्याने दोनशे माणसे येणार असा अंदाज होता. दुपारी महाप्रसाद आणि संध्याकाळी दत्तजन्माचा पाळणा, असा कार्यक्रम ठरला होता. पाळण्याची दोरी ओढण्यासाठी प्रमुख पाहुणे बोलावले होते. ते महाराष्ट्रातून नुकतेच बदलून आलेले मोठे अधिकारी आहेत. त्यांचे नाव मला माहीत आहे, परंतु घडलेल्या गोष्टीची त्यांना काहीही कल्पना नव्हती, म्हणून ते सांगत नाही.

मी सकाळी साडेआठ वाजता मंदिरात गेले. गुरुजी गाभाऱ्यात होते. हवा गार होती, मी शाल घेतली होती. गुरुजींच्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते. मी विचारले, “बरं नाही का?” ते म्हणाले, “डावा हात जड झालाय बाई. होईल ठीक.” मी त्यांना गरम पाणी दिले व स्वयंपाकघरात गेले.

साडेअकराच्या सुमारास अभिषेक चालू असताना मंत्र थांबले. मी पुढे येऊन पाहिले तर गुरुजी पाटावरून एका बाजूला कलंडले होते आणि त्यांच्या सोवळ्यावर उलटी झाली होती. केदार व आणखी दोघांनी त्यांना उचलून मागच्या खोलीत नेले. पतींनी लगेच सोवळे नेसून अभिषेक पुढे चालू केला. उलटी झालेली जागा आधी पाण्याने, मग गोमूत्राने पुसली.

मी खोलीत गेले. गुरुजी चटईवर होते. चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, “बाई, मला दवाखान्यात न्या.” एकतीस वर्षांत गुरुजींनी माझ्याकडे शब्दकोड्यांशिवाय काही मागितले नव्हते. मी बाहेर येऊन केदारला सांगितले, “अँब्युलन्स बोलव.” तो म्हणाला, “काकू, पित्त आहे. उपास, त्यात पहाटेपासून बसलेत. अँब्युलन्स गल्लीत आली की सगळे जेवण सोडून बाहेर येतील. प्रसाद उरकला की मी स्वतः माझ्या गाडीतून नेतो.” मी गुरुजींना जाऊन सांगितले की केदार नेणार आहे. ते म्हणाले, “बरं.”

मला विचारण्यात आले की, जवळ दवाखाना आहे काय. त्यावर सांगते की, मुख्य रस्त्यावर मोठा दवाखाना आहे. मंदिरापासून रिक्षाने चार मिनिटे लागतात.

साडेबाराला नैवेद्य झाला व पहिली पंगत बसली. मसालेभात, पुरी, घेवड्याची भाजी, कोशिंबीर, जिलबी. पंगत सभामंडपात आणि मागच्या बोळात अशी दोन्हीकडे होती. एकच्या सुमारास उषाताई मला म्हणाल्या, “अगं, तिकडून घाण वास येतोय. माणसं जेवतायत. दार तरी ओढून घ्या.” दार ओढून घेतले गेले. थोड्या वेळाने बोळात दोन ठिकाणी धूप ठेवला गेला. तो मीच पेटवून दिला.

सव्वादोन वाजता मी आल्याचे पाणी घेऊन खोलीकडे गेले. दाराला बाहेरून कडी होती. कडी काढली. गुरुजी चटईवरून खाली फरशीवर सरकले होते. पुन्हा उलटी झाली होती आणि धोतर खराब झाले होते. मी ते काढले, अंग पुसले, त्यांचे दुसरे धोतर गुंडाळले. कोणाला मदतीला बोलावले तर कोणी येईना, कारण सगळे सोवळ्यात होते किंवा वाढत होते. मला तेवढ्यात जमेल तसे केले. गुरुजी मला म्हणाले, “बाई, तुम्हाला हे करावं लागतंय.” मग म्हणाले, “मला न्या हो इथून.”

मी तशीच सभामंडपात गेले. पती सोवळ्यात पंगतीतून फिरत लोकांना आग्रह करत होते. मी सर्वांसमोर म्हणाले, “अहो, गुरुजींना आत्ताच्या आत्ता न्यायला हवं.” त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरकले. म्हणाले, “तू त्यांना शिवून इकडे आलीस? आधी अंघोळ कर. आणि शकुन, इथे तमाशा नको.” जवळ बसलेल्या सात-आठ जणांनी हे ऐकले. एकाने मान खाली घातली. एकाने जिलबी मागितली. मी नळावर जाऊन अंघोळ केली, बरोबर आणलेली दुसरी साडी नेसले आणि दुसऱ्या पंगतीला पुऱ्या वाढल्या.

मला विचारण्यात आले की, माझ्याजवळ फोन होता काय. होता. चार्ज होता. त्यावरून मी कोणालाही फोन केला नाही. मला विचारण्यात आले की, का केला नाही. याचे उत्तर मला देता येत नाही. पतीची परवानगी नव्हती असे मी लिहून देऊ शकते, पण मी रोज पन्नास फोन त्यांच्या परवानगीशिवाय करते.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी पुन्हा खोलीकडे गेले. आता कडीला कुलूप होते. ते मंदिराच्या कोठीचे पितळी कुलूप होते, मी ते ओळखते. मी दार वाजवले. आतून गुरुजी म्हणाले, “बाई आहेत का?” मी म्हणाले, “हो.” ते म्हणाले, “कुलूप काढा.” मी म्हणाले, “किल्ली आणते.”

किल्ली केदारकडे होती. मी त्याला विचारले, “कुलूप का लावलंस?” तो म्हणाला, “मघाशी ते दारापर्यंत आले होते काकू. लहान मुलं खेळतायत तिथे. त्या अवस्थेत कोणी पाहिलं तर? आणि खरं सांगू का, काही बरंवाईट व्हायचं असेल तर ते जन्म झाल्यावर होऊ दे. वास्तूत कोणी गेलं तर जन्म करता येणार नाही. अरुणकाकांना विचारा.” मी पतींकडे पाहिले. ते फुलांच्या माळा पाळण्याला बांधत होते. त्यांनी सर्व ऐकले होते. ते म्हणाले, “दोन तासांचा प्रश्न आहे. त्यांनासुद्धा हेच हवं असेल. आयुष्यभर पूजा केलेला माणूस आहे.” मी म्हणाले, “ते न्या म्हणतायत.” पती म्हणाले, “तापात माणूस काहीही बोलतो.” गुरुजींना ताप नव्हता. त्यांचे अंग गार होते.

केदारने किल्ली दिली नाही. मी हिसकावून घेतली नाही.

मंदिरात भांडी घासायला शेफाली नस्कर नावाची बाई येते, वय अंदाजे ४५. ती सोनारपूरकडून लोकलने येते. ती दुपारपासून अंगणात, खोलीच्या दारापासून आठ-दहा हातांवर, भांडी घासत होती. साडेचारच्या सुमारास ती राखेच्या हातांनी सभामंडपाच्या उंबऱ्यापर्यंत आली. आत यायची तिला परवानगी नाही. तिथूनच ती मला म्हणाली, “दिदी, ठाकुरमोशाई डाकछेन.” म्हणजे गुरुजी हाका मारत आहेत. केदार माझ्याजवळ उभा होता. तो मला म्हणाला, “तिला सांगा, झोपलेत.” मी तिला बंगालीत सांगितले, “उनि घुमोच्छेन.” ती म्हणाली, ते झोपलेले नाहीत, तांब्या आपटत आहेत. तिच्या दिराची रिक्षा कोपऱ्यावर उभी आहे, दोन माणसे द्या, ती घेऊन जाईल. कुलूप नसेल उघडत तर खलबत्त्याने तोडता येईल. हे सर्व तिने मला सांगितले. त्यातले मी केदारला काहीच सांगितले नाही, कारण त्याला बंगाली कळते. केदारने तिला त्या दिवसाचे काम संपले असे सांगून घरी जायला सांगितले. ती गेली नाही. अंगणाच्या बाहेर गल्लीत उभी राहिली.

मी एकदा बोळातून दारापर्यंत गेले. मला पाऊल वाजू द्यायचे नव्हते, तरी त्यांना कळले. आतून, अगदी खालून, आवाज आला, “बाई, किल्ली मिळाली का?” मी उत्तर दिले नाही.

येथे डिसेंबरात सूर्य पाच वाजण्याच्या आधीच मावळतो. दत्तजन्म सूर्यास्ताला करतात. म्हणजे पाच वाजता जन्म होऊन कार्यक्रम संपायला हरकत नव्हती. परंतु पाहुणे वाटेत अडकले होते. केदारने सांगितले की पुण्यात सूर्य सहाला मावळतो, आपण पुण्याची वेळ धरू. पतींनी पंचांग काढून मान डोलावली. गेली सगळी वर्षे गुरुजी कोलकात्याचाच सूर्यास्त धरत असत.

पाहुणे येईपर्यंत भजने म्हणायचे ठरले. उषाताईंनी मला पुढे बसवले, कारण पाळणा मला पाठ आहे. मी गाभाऱ्यासमोर पहिल्या रांगेत, डाव्या बाजूला बसले होते. भिंतीपलीकडून ठोके ऐकू येत होते. तीन-चार ठोके, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा दोन. धातूचा लाकडावर होतो तसा आवाज. ते जिवंत आहेत हे मला माहीत होते. पती गाभाऱ्यात, त्या भिंतीपासून हातभर अंतरावर बसले होते. एकदा त्यांनी मान वळवून केदारकडे पाहिले. केदारने पेटीवाल्याला खूण केली आणि टाळ वाजवणाऱ्यांना म्हणाला, “जरा जोरात. झोपलात की काय?” लोक हसले. टाळ जोरात वाजू लागले. मीसुद्धा आवाज चढवला.

सव्वापाचनंतर मला ठोके ऐकू आले नाहीत.

साडेपाचला पती व केदार उठून मागे गेले. पाच चाळीसला परत आले. पतींचे केस ओले होते आणि अंगावर दुसरे सोवळे होते. त्यांना सर्दीचा त्रास आहे. थंडीत ते डोक्यावरून पाणी घेत नाहीत, गेल्या वर्षी भावाच्या बाराव्यालाही घेतले नव्हते. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “पंचा दे.” मी पिशवीतून पंचा काढून दिला. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. पंचा देताना मला कळले की गुरुजी गेले, आणि पती त्यांना शिवून आले आहेत.

मला विचारण्यात आले की, मी त्या वेळी काय केले. मी पाळणा म्हटला.

सहा वाजून पाच मिनिटांनी पाहुणे पत्नीसह आले. सहा वीसला जन्म झाला. पाहुण्यांनी दोरी ओढली, फुले उधळली, सुंठवडा वाटला. पतींनी आरती केली. पाहुण्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “किती प्रसन्न वाटतंय इथे.” शाल-श्रीफळ घेऊन ते सव्वासातला गेले.

सात चाळीसला केदारने माईक घेतला. तो म्हणाला, “एक दुःखाची, पण तितकीच भाग्याची बातमी आहे. आपले गुरुजी दत्तजन्म मन भरून ऐकून आत्ताच दत्तचरणी विलीन झाले.” त्याचा आवाज भरून आला होता. बायका रडू लागल्या. “काय पुण्याई,” “असं मरण मागून मिळत नाही,” असे माझ्या आजूबाजूला चार-पाच जणी म्हणाल्या. मग रांग लावून सर्वांनी पायांचे दर्शन घेतले.

मी सुरुवातीच्या लोकांत आत गेले. खोली धुतलेली होती. गुरुजींना स्वच्छ सोवळे नेसवून, कपाळाला गंध लावून, दाराकडे पाय करून ठेवले होते. जबडा फडक्याने बांधला होता. उजव्या हाताची बोटे तांब्याच्या गळ्याएवढ्या गोलात वळलेली होती. उषाताई हातात तुळशीचे पान ठेवायला गेल्या, तेव्हा ती सरळ होईनात. हात कडक झाला होता. मी सासऱ्यांना, सासूबाईंना, माझ्या वडिलांना शेवटची अंघोळ घातलेली आहे. माणूस दहा मिनिटांपूर्वी गेला असेल तर त्याचा हात तसा नसतो. तांब्या नळाखाली उपडा घातलेला होता आणि त्याच्या काठाला पोचे आले होते.

सव्वाआठला एक डॉक्टर आले. पतींनी त्यांना साडेसात ही वेळ सांगितली. पूर्वीचा रक्तदाबाचा त्रास सांगितला, तो खरा होता. डॉक्टरांना बाकीचे कोणी सांगितले नाही. मी तिथेच उभी होते.

पुतणी प्राजक्ताला केदारने फोन केला व फोन माझ्या हातात दिला. ती रडत म्हणाली, “मावशी, काकांचं सोनं झालं हो. शेवटी त्रास नाही ना झाला?” मी म्हणाले, “नाही.”

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता अंत्यसंस्कार झाले. त्यामुळे आता देह तपासणीसाठी उपलब्ध नाही, हे मला माहीत आहे.

स्मशानातून परत आल्यावर, अकराच्या सुमारास, मी मंदिराच्या मागच्या खोलीत एकटी गेले. दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून एक ते दीड वीत उंचीवर, लाकडात नवे खड्डे पडलेले होते. मी मोजले. एकोणीस होते. मी मोबाईलवर चार फोटो काढले. आज सकाळी साडेआठला मी पुन्हा गेले तेव्हा दाराला आतून-बाहेरून हिरवा रंग दिलेला होता आणि तो ओला होता. खोलीत यज्ञकुंड मांडून शांती केली होती. फोटोंच्या प्रती व माझा फोन मी ठाण्यात जमा करत आहे. काठाला पोचे आलेला तांब्या मी काल माझ्या पिशवीत घालून नेला होता. तोही सोबत आणला आहे.

शुक्रवारी दुपारी घरी मी पतींना विचारले, “तुम्ही साडेपाचला अंघोळ का केलीत?” ते चहा पीत होते. म्हणाले, “मेलेल्या माणसाला शिवल्यावर अंघोळ नको? तशाच अंगाने जन्म करू?” मी म्हणाले, “मग साडेसात का सांगितलंत?” ते म्हणाले, “दोनशे माणसांचा दिवस नासवायचा होता का? मी सोवळं शेवटपर्यंत पाळलं, जन्माला विटाळ लागू दिला नाही. गुरुजींनीसुद्धा हेच केलं असतं.” हे त्यांचे शब्द आहेत. ते बोलताना त्यांनी बिस्किट चहात बुडवले होते, ते तुटून आत पडले, म्हणून त्यांनी दुसरा चहा मागितला. मी तो करून दिला. त्या चहाचा वास माझ्या हातांना अजून येतो आहे, साबणाने जात नाही.

आज सकाळी नऊ वाजता केदारचा फोन आला. उद्या रविवारी श्रद्धांजली सभा आहे. सभामंडपात गुरुजींचा मोठा फोटो लावायचा आहे आणि फोटोखाली मजकूर हवा आहे. तो म्हणाला, “काकू, तुमच्यासारखं मराठी इथे कोणाचं नाही. चार ओळी लिहून द्या. दत्तजन्माच्या क्षणी, मुखी गुरूंचं नाव घेत त्यांनी देह ठेवला, असं काहीतरी. मुलांना पुढे वाचायला राहील.” गुरुजींचे शेवटचे शब्द मी वर सांगितले आहेत.

मी केदारला ‘लिहिते’ म्हणाले. वही घेऊन बसले. पहिली ओळ लिहिली सुद्धा. ती चांगली जमली होती. मग साडेअकराला मी मिरजेला प्राजक्ताला फोन केला व वर लिहिलेले सर्व तिला सांगितले. मग तिने विचारले, “तुम्ही कुठे होतात?” मी म्हणाले, “तिथेच.” ती म्हणाली, “मग हे मला सांगून काय उपयोग? जिथे सांगायला हवं तिथे सांगा.” तिने फोन ठेवला. त्यानंतर मी शेफाली नस्कर हिला तिच्या घरी फोन केला. ती सोनारपूरहून आली. ती बाहेर बसली असून तिचा जबाब घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पोलिसांत जाऊ असे मी म्हणाले तेव्हा तिने काही विचारले नाही. फक्त म्हणाली की, आपण गुरुवारीच आलो असतो तर ठाकुरमोशाईही बरोबर असते.

माझी तक्रार केदार रेगे यांच्याविरुद्ध आणि माझे पती अरुण वाटवे यांच्याविरुद्ध आहे. खोलीला कुलूप केदारने लावले. ते उघडू नये हे दोघांनी ठरवले. पतींचे नाव मी स्वतःहून सांगितले आहे, कोणी विचारले म्हणून नव्हे.

मला विचारण्यात आले की, मी या दोघांना थांबवू शकले असते काय. होय.

मला विचारण्यात आले की, मी स्वतःविरुद्ध काही सांगत आहे हे मला समजते काय. समजते. माझ्यावर जी कारवाई होईल ती व्हावी.

जबाब चालू असताना, साडेतीनच्या सुमारास, पती व केदार ठाण्यात आले असे मला कळवण्यात आले. माझ्या मनाची अवस्था ठीक नाही, दोन दिवस मी जेवलेले नाही, असे या जबाबात लिहावे, असा पतींनी निरोप पाठवला. मी दोन दिवस जेवलेले नाही हे खरे आहे. अन्न समोर आले की धुपाचा वास येतो. माझ्या मनाची अवस्था ठीक आहे.

हा जबाब श्रीमती हर्डीकर यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. भजनाच्या वेळेबद्दल सांगताना माझ्या तोंडून ‘गुरुजी जिवंत असावेत असे मला वाटत होते’ असे गेले होते आणि तसेच लिहिले गेले होते. वाचताना मी त्यांना थांबवले. ते वाक्य खोडून त्या जागी ‘ते जिवंत आहेत हे मला माहीत होते’ असे घातले आहे आणि बाजूला मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, तो खरा आहे.

सही: शकुन अरुण वाटवे
समक्ष: सुनीती हर्डीकर, दुभाषी